चाळीस नंबरचा खड्डा

मुक्काम बेंबळी, माघ वद्य चतुर्थी
(कचेरीच्या भाषेत महिना फरवर्दी, साल १३५३ फसली. हल्ली सरकारशी संबंध आल्यापासून मी दोन्ही लिहितो.)

तीर्थस्वरूप शांतम्माअक्कांच्या पायाशी, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा रामलिंग याचे शरणार्थ. इकडे सर्व खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे. इकडे मी आणि दोन बैल आहोत, त्यांपैकी बैल खुशाल आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल चोळता, की सुनेला नुसतं 'चोळायला पाहिजे' असं सांगता? सोनारीची हवा कोरडी, तिथं गुडघ्यांनी खरं तर कुरकुरायला नको. पण ते तुमच्याच घरातले असल्यामुळे त्यांचं काही सांगता येत नाही. (राग मानू नका. या घरात चेष्टा करायला आता माणूस उरलेलं नाही, म्हणून ती पत्रातून करतो.)

पत्रास कारण की सरकारी इमदाद. इमदाद म्हणजे परत फेडायची नसते अशी मदत. गेल्या वर्षी चैतात चावडीवर एक अंमलदार आले आणि म्हणाले, जो रयत चाळीस आंबे लावील त्याला रोपं फुकट, आणि माघातल्या मोजणीला चाळीसही जिवंत निघाले तर नवी मोट आणि विहिरीच्या डागडुजीला पैसे. मी घरी येऊन सांगितलं, की फुकट देणाऱ्या सरकारच्या वाटेला शहाण्यानं जाऊ नये. त्यावर तुमची बहीण म्हणाली, की तीस वर्षांत तुम्ही तर मला फुकट काही दिलं नाही, निदान सरकार देतंय तर देऊ द्या. झालं. दुसऱ्या दिवशी अर्ज माझ्या नावानं गेला आणि काम तिच्या वाट्याला आलं.

चाळीस खड्डे तिनं हातानं मोजून घेतले, लांबी तीन हात, रुंदी तीन हात. प्रत्येकापाशी कचेरीनं नंबर घातलेली बाभळीची खुंटी. आकडे उर्दूत होते. तिला ते वाचता येत नसत, तरी सतरा नंबर कुठला हे ती अंधारातही दाखवायची. मोट फाटलेली, म्हणून पाणी घागरीनं. मी लिंबाखाली बसून देखरेख केली. एकोणचाळीस रोपं लागली. चाळिसावं धाराशिवाहून गाडीतून आणताना मोडलं. (अक्का, आता सांगायला हरकत नाही, मी त्याच्यावर बसलो होतो. तिला मी शेळीनं खाल्लं म्हणून सांगितलं. आमच्याकडे शेळी नाही. तिनं ऐकून घेतलं.) मग ती रोज म्हणायची, तेवढं एक रोप आणा, खड्डा वाट बघतोय. मी रोज म्हणायचो, उद्या.

मार्गशीर्षात आठ दिवसांच्या तापात काय झालं ते तुम्ही स्वतः बघितलंत, ते मी परत लिहीत नाही. मला लिहवतही नाही. आपल्यात माणसाला आपल्याच रानात बसतं करून माती देतात. भावबंद रानात गेले, बांधाच्या कडेला आयता खड्डा दिसला, त्यांनी तोच खोल केला. मी होतो तिथंच, पण मला तेव्हा खड्डा कुठला आणि आभाळ कुठलं हे कळत नव्हतं. माती ओढल्यावर उशाशी ती खुंटी तशीच राहिली. आणि अक्का, तिला पहिली विभूती तुम्ही लावलीत. तुमचं बघून बाकीच्यांनी लावली, फुलं वाहिली. आता दर सोमवारी गावच्या बाया तिला हात जोडून जातात. ती सरकारी खुंटी आहे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

परवा मोजणीला चाँदपाशा इन्स्पेक्टर आले. भला माणूस. एकोणचाळीस रोपं हात लावून मोजली आणि चाळीस नंबरपाशी थांबले. मी खरं ते सांगितलं. त्यांनी टोपी काढली, बांधावर बसले, मला पाणी मागितलं आणि ते न पिताच हातात धरून राहिले. मग त्यांनी मला कागद दाखवला. त्यात चारच रकाने होते, जिवंत, वाळलेलं, जनावरानं खाल्लेलं, चोरीस गेलेलं.

"रामलिंगप्पा," ते म्हणाले, "ह्यात म्या काय लिवू, तुमीच सांगा."

मी कागद उलटून पाहिला, मागे कोरा होता. शेवटी त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली. चाळीस नंबरवर रोप दिसलं तर इमदाद मंजूर, नाहीतर पूर्ण नामंजूर. मठाच्या अय्यांना विचारलं, तर ते म्हणाले, समाधीवर झाड लावायचं तर माहेरच्यांची राजीखुशी पाहिजे. माहेरात वडीलधाऱ्या तुम्हीच. उन्हाळा तोंडावर आहे. मोट आली नाही तर तिची एकोणचाळीसही जगायची नाहीत. तरी परवानगी द्यावी, एवढीच विनंती. सुनेला आणि लेकरांना आशीर्वाद.

आपला,
रामलिंग

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं. (मी उद्यावर टाकलं.) तेवढ्यात कचेरीचा कागद आला, तो गावातल्या उर्दू जाणणाऱ्या खाजामियाँनी वाचून दाखवला. वरच्या साहेबांनी आठ दिवस थांबायला नकार दिला. इमदाद नामंजूर. तेव्हा परवानगीची आता जरुरी नाही. रोपांना मी घागरीनं पाणी घालतो. सतरा नंबर कुठला ते अजून चुकतं.

पुन्हा ता. क. अक्का, वरचं खोडत नाही, पण रोप मी आणून ठेवलंय. अंगणात मडक्यात आहे. सरकारसाठी नाही, तिनं मागितलं होतं म्हणून. दोनदा कुदळ घेऊन तिथं गेलो आणि तिला लागेल असं वाटून दोन्ही वेळा परत आलो. परवानगी नको, तुम्हीच या. कुठवर खणायचं ते तुम्ही उभ्या राहून सांगा, म्हणजे मी खणीन.