वणेकाठचे मैदान आणि माझी शिट्टी

मी, ताराचंद चिंधू ताकसांडे, वय सत्तावन्न, धंदा आधी फुटबॉल, मग सूतगिरणीत नोकरी, आता काही नाही, राहणार गिरणी वॉर्ड, हिंगणघाट, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. माझी बुद्धी जागेवर आहे, हृदय तेवढे नाही. नागपूरचे डॉक्टर येत्या गुरुवारी छाती उघडणार आहेत. शुक्रवारी पोळा आणि शनिवारी तान्हा पोळा. चार दिवस पुढे ढकला म्हणून मी हात जोडले, तर डॉक्टर म्हणाले, काका, तुम्हाला मॅच पाहिजे की जीव पाहिजे. मी विचार करायला लागलो, तोवर बायको उत्तर देऊन मोकळी झाली.

वकीलबाई, म्हणजे आमच्या गल्लीतली गुंजन, सांगून गेली आहे की एका कलमात एकच गोष्ट लिहा, फाटे फोडू नका. बघू. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून मी उभ्यानेच लिहितो आहे, कारण बसलो की उठावेसे वाटते. खेळत होतो तेव्हाही बाकावर बसवले की पायाला मुंग्या येत आणि कोच ओरडत, हा माणूस लाइनच्या आत का येऊन राह्यला.

कलम १. राहते घर, त्यातले सर्व सामान आणि बँकेत जे असेल ते पत्नी सौ. अन्नपूर्णा हिचे. यात कोणी तोंड घालू नये. मी कलकत्ता, केरळ, गोवा फिरत होतो तेव्हा हे घर तिने बांधून घेतले. मी फक्त दारावरची पाटी आणली, तीही तिरपी बसली. एका क्लबात दुसरा हंगाम मी क्वचितच काढला. ती म्हणे, भाकर आणि हा माणूस एका बाजूला फार वेळ राह्यले की करपतात. तिचे खरे होते, आणि तरी ती थांबली, हे मी तिला तोंडावर कधी बोललो नाही. इथे बोलतो.

कलम २. खेळाचे सामान. कलकत्त्याची सात नंबरची जर्सी बापूराव भगत यांना, कारण त्यांनीच मला पहिले बूट दिले, जुने आणि एक नंबर मोठे. कलकत्त्यात मला सगळे ‘संत्रा’ म्हणत. नागपूरकडचा म्हणजे संत्रा. आमच्याकडे कापूस पिकतो हे कोणाकोणाला सांगत बसणार. बाकी कपड्यांची पोतेरी करावी. शिट्टी कोणाला द्यायची ते ठरत नाही. मागाहून लिहितो.

कलम ३. लाकडी नंदी. परगावच्या माणसाला समजावे म्हणून सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरे लाकडाचे बैल सजवून मिरवतात, तो तान्हा पोळा. त्याच संध्याकाळी गिरणी वॉर्ड आणि बाजार वॉर्ड यांचा फुटबॉलचा सामना होतो आणि जिंकणाऱ्याला ढाल नाही, लाकडी नंदी मिळतो. आम्ही बौद्ध. बैलाची पूजा आमच्या घरात होत नाही. माझे वडील चिंधूजी म्हणत, पुजायचा नाही पण जिंकायचा खरा. कपाटावरचा नंदी मी खेळलेल्या शेवटच्या सामन्याचा आहे. तो वॉर्डाचा आहे, वॉर्डाला परत द्यावा.

कलम ४. मैदान. सगळ्या मिळकतीत जीव अडकला आहे तो यातच. माझे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग, आणि पावसाळ्यात तेच आवार रिकामे. आम्ही त्या रिकाम्या आवारात, काळ्या चिखलात शिकलो. आपल्या मातीत बूट रुततो, म्हणून पाय उचलायला ताकद लागते. पुढे कलकत्त्याच्या पावसात इतर घसरत आणि मी पळत सुटे, ते त्याच मातीचे देणे. पण कापूस आला की मैदान गेले. मला ते फार लागे. पहिल्या मोठ्या कराराचे पैसे हाती पडताच मी वणेकाठची, नदीच्या पुरात बुडणारी जमीन घेतली. कोणी फुकट घेईना, तिथे शेतही होईना. बारा महिने पोरांना खेळता यावे एवढीच इच्छा. ती माझी स्वकष्टार्जित आहे, सातबारा माझ्या नावे आहे.

आता तिथून हायवेपर्यंत लेआउट पडले. माझा पुतण्या राकेश दर आठवड्याला नकाशा घेऊन येतो. म्हणून असे लिहितो की सदर मैदान माझी मुलगी जागृती हिला मिळावे. अट एकच. तिने दरवर्षी तान्हा पोळ्याला येऊन गिरणी वॉर्डाकडून खेळावे. ज्या वर्षी ती येणार नाही त्या वर्षी मैदान राकेशकडे जावे आणि त्याने त्याचे खुशाल प्लॉट पाडावे. जागृती आता ओडिशात क्लबकडून खेळते, करार आहे, पुढच्या महिन्यात मोठे शिबिर आहे. मोठी झाली म्हणून गाव विसरू नये. मी विसरलो नव्हतो.

कलम ५. हेमराज वैरागडे, बाजार वॉर्ड, हार्डवेअरचे दुकान, याला काही नाही. शहाण्णव साली देशात नवी लीग सुरू होणार होती आणि गोव्याच्या एका क्लबाने मला घेतले होते. बाहेर कुठेही खेळायचे नाही असे त्यांनी बजावले होते. मी आजी आजारी म्हणून रजा काढली. माझी आजी दरवर्षी पोळ्याला आजारी पडे, वारली होती मी सातवीत असताना. कलकत्त्यात हजारो लोकांपुढे खेळलो, पण वॉर्डातल्या म्हाताऱ्या पाण्याच्या पिंपाजवळ बसून ‘ताऱ्याऽ’ म्हणून हाक मारत, ते कुठे नव्हते. सामना संपत आला असताना हेमराज घसरत आला. माझा पाय चिखलात रुतलेला, गुडघा तसाच फिरला. आवाज झाला तो बाजार वॉर्डापर्यंत गेला म्हणतात. पेनल्टी मिळाली, आम्ही जिंकलो. मला ढकलगाडीवर टाकले आणि कोणीतरी नंदी माझ्या पोटावर ठेवला. गोव्याच्या क्लबाने दुसरा माणूस घेतला. खेळ तिथेच संपला.

तेव्हापासून दर तान्हा पोळ्याला हेमराज स्वतःच्या दुकानाचा चुना आणून रेषा आखतो आणि मी शिट्टी वाजवतो. दोघांत बोलणे नाही. लोकांना गंमत वाटते. मला अजूनही राग येतो, आणि आता छाती उघडणारच आहेत तर त्यांनी तोही काढून टाकावा.

कलम ६. राकेशला माझी लुना. मैदानाला बाहेरून चकरा मारायच्या कामी येईल.

येथवर लिहून मी चकरा मारत होतो. अन्नपूर्णा चहा घेऊन आली आणि कागद वाचत उभी राहिली. तिने कलम ४ दोनदा वाचले. कप कट्ट्यावर ठेवला आणि एवढेच म्हणाली, “तुमचा गुडघा त्या लाकडाच्या बैलापायी गेला. आता पोरीचाई पायजे काय तुमाले?”

मी म्हटले, तसे नाही. ती म्हणाली, लिहिलंय तर तसंच. चहा गार झाला. मला घाम आला, आणि तो हृदयाचा नव्हता.

कलम ७. कलम ४ मधील अट मी रद्द करतो. तिथे आडवी रेघ मारून सही केली आहे. हे जागृतीला लगेच सांगावे म्हणून फोन लावला. माझे तोंड उघडायच्या आधी तीच बोलली. “बाबा, बुधवारी येऊन राह्यली मी. बूट संगं आणतो. तुमी दवाखान्यात असान, त तुमच्या जागी मी खेळतो.” तिला वाटले बाप खूश होईल. आणि खरे सांगतो, झालो. पोटातून झालो. आणि त्याच क्षणी मला तो शहाण्णवचा आवाज पुन्हा ऐकू आला. नको म्हणालो. तर म्हणाली, तुमाले कोणी नको म्हटलं होतं त ऐकलं होतं काय? माझीच पोरगी. ती येणार आणि उतरणार. गुरुवारी डॉक्टर मला झोपवतील, शनिवारी तिला आवरायला मी नसेन. दुपारपासून घरात माझे पाय ठरत नाहीत ते यामुळे.

दोन साक्षीदार लागतात. बापूराव येऊन बसले होते. दुसरे ठरवलेले शेजारचे भैयाजी, तर ते मुलीकडे केळझरला गेलेले. अन्नपूर्णा बाहेर गेली आणि हेमराजलाच घेऊन आली. मुद्दाम. इतक्या वर्षांनी तो माझ्या उंबऱ्याच्या आत आला, टोपी हातात धरून, कपाटावरच्या नंदीकडे पाहत. अन्नपूर्णाने त्याला फोनवरचे सगळे सांगितले. तो खाली बसला. बराच वेळ गुडघे चोळत राहिला, स्वतःचे. मग पहिल्यांदा माझ्याशी बोलला. “तारा, पोरगी उतरनार असन त यंदा चुना नाई टाकत मी. एक गुडघा पुरे झाला माह्या पायानं.”

रेषा नाहीत तर सामना नाही. त्याने कधी एक वर्ष चुकवले नव्हते. माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले त्या वर्षी नाही, त्याचे दुकान पुरात गेले त्या वर्षी नाही. मला वाटत होते तो मला खिजवायला येतो. तो का येत होता ते मला आज कळले, आणि मला रडू आले. बापूरावांनी छताकडे पाहिले.

कलम ८. कलम ५ रद्द. वणेकाठचे मैदान हेमराज वैरागडे याच्या हयातीपर्यंत त्याच्या वहिवाटीत राहावे. त्याने ते विकू नये, टपरीसुद्धा टाकू देऊ नये, पोरांना कधी हाकलू नये. मला खात्री आहे, हे त्याला सांगावे लागणार नाही. त्याच्यामागे ते जागृतीचे, बिनअट. ठेवावे की विकावे तिने ठरवावे. तिचे पाय तिचे आहेत.

कलम ९. शिट्टी. ठरले. ती जागृतीला. बाकी सगळे माझ्या मागे, पण शिट्टी बुधवारी, ती घरात पाऊल ठेवील तेव्हाच. जागृती, तू म्हणालीस तुमच्या जागी खेळतो. पोरी, माझी जागा खेळणाऱ्याची आता राहिलेली नाही. ती शिट्टीची आहे. माझ्या जागी उभे राहायचे असेल तर तिथे राहजो. मैदानात असशील, पळशील, सगळे गाव तुला पाहील, आणि पंचाच्या पायात कोणी पाय घालत नाही. बूट हेमराजकाकाच्या दुकानात ठेवून देजो. हे ऐकून तो चुना टाकतो म्हणाला आहे.

कलम १०. मी उठलोच नाही तर त्रिशरण, पंचशील घ्यावे. डीजे नको. मैदानावरून न्यावे, पण तिथे थांबवू नये. थांबणे मला जमत नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड माझीच आहे आणि प्रत्येक ठिकाणी माझी सही आहे.

स्थळ : हिंगणघाट
दिनांक : १८ ऑगस्ट २०२५
सही : ताराचंद चिंधू ताकसांडे

माझ्यासमोर सही झाली :
१. बापूराव भगत, गिरणी वॉर्ड
२. ~~हेमराज वैरागडे, बाजार वॉर्ड~~
देवकाबाई ढोके, शेजारीण

खुलासा : हेमराजने दोन नंबरला सही करून टाकली होती. गुंजन संध्याकाळी येऊन म्हणाली, ज्याला मिळते त्याने साक्षीला न राहिलेले बरे, म्हणून ते नाव खोडून देवकाबाईंना बोलावले आणि त्यांच्यासमोर मी पुन्हा सही केली. हेमराजने विचारले, माहं नाव काऊन खोडलं. कलम ८ मी त्याला वाचून दाखवलेच नव्हते, आताही विषय बदलला, आणि तो पडल्या चेहऱ्याने घरी गेला. अन्नपूर्णा, तू त्याला सांग, पण शनिवारी, चुना टाकून झाल्यावर. आधी सांगितलेस तर रेषा वाकड्या येतील.