हिरव्या खुणेचा कोंबडा

भिंगार,
सोमवार, सकाळ

आदरणीय व्याही रंगनाथराव यांस, दानीएलचा लवून सलाम.

इकडे सर्व मंडळी देवदयेने खुशाल आहेत. माझ्या छातीत धडधड आहे, पण ती मी खुशाल असलो तरी असतेच, काळजी नसावी. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाई विजयमालाताईंची साखर उतरली का? त्यांना म्हणावे, मेथ्या भिजवून नुसत्या झाकून ठेवू नयेत, खाव्याही. फोन सोडून पत्र का लिहितो असे तुम्हाला वाटेल. फोनवरचे बोलणे वाटेत कोण कोण ऐकते याचा आजकाल भरवसा नाही. पाकिटाला निदान डिंक लावता येतो. शिवाय (हे तुमच्यापुरते) तुमची लेक सारा दर रविवारी रात्री तुम्हाला फोन करते. काल तुमचा फोन लागला नाही, हे मी दारामागे उभा राहून नीट ऐकले. ती पुढच्या रविवारी आपल्या पद्धतीने सांगायच्या आत खरी हकीकत तुमच्या हाती पडावी म्हणून स्पीडपोस्टाचा खर्च करतो आहे.

तुम्हाला आठवत असेल, ईस्टरला आमच्याच ओसरीवर बसून, आमचाच चहा पीत, तुम्ही म्हणाला होतात, “दानीएलराव, फोनातून पैसे देणं आपल्या वयाचं काम न्हाई. एक दिवस उघड्यावर पडाल.” त्या वेळी माझ्या तोंडात बिस्कीट होते म्हणून मी गप्प राहिलो. आज तोंड मोकळे आहे आणि पुरावाही आहे. रंगनाथराव, फोनातले पैसे पक्के सुरक्षित असतात. फक्त राखणारा जागा पाहिजे.

मी शिकलो सातवीपर्यंत, पण लष्करी कोठाराच्या गेटवर उभे आयुष्य चौकीदारी केली. तिथे रोज संध्याकाळी नवा शब्द ठरायचा. तो शब्द सांगितल्याशिवाय माणूस आत नाही आणि पास दाखवल्याशिवाय माल बाहेर नाही. एकदा मी एका मोठ्या साहेबालाही उन्हात उभे केले होते. (त्यांनी नंतर माझी तारीफ केली असे ऐकले. माझ्यासमोर त्यांनी जे केले ती तारीफ नव्हती.) आमच्या रॉबिनने हा नवा फोन आणून दिल्यावर मी घरातही तीच पद्धत लावली. रोज सकाळी एक भाजी ठरवायची. घरच्यांनी फोन केला की आधी भाजी सांगायची, मग बोलायचे, कारण हल्ली चोर मुलाच्या आवाजातही बोलतात. पिन दाबायचा तर डोक्यावरून घोंगडी घेऊन. मे महिन्यात किराणा दुकानात मी असाच घोंगडीत शिरलो तेव्हा दुकानदाराला वाटले म्हाताऱ्याला ऊन लागले, आणि त्याने बाहेरून पाणी मारले. पिन मात्र कोणाला दिसला नाही.

आता गेल्या महिन्यात काय झाले, तर एमआयडीसीतून येताना रॉबिनची गाडी बंद पडली. त्याने मला फोन केला. मी भाजी विचारली. तो म्हणाला, बाबा, मी रॉबिन. मी म्हणालो, ते तर कोणीही म्हणेल. त्या दिवशीचा शब्द घेवडा होता आणि पोराने भेंडी, वांगी, गवार अशी सगळी मंडई सांगितली, पण घेवड्याला काही हात घातला नाही. मी फोन ठेवला. तो गाडी ढकलत घरी आला आणि बूट न काढताच निकाल देऊन मोकळा झाला. फोनातले पैशाचे अॅप काढून टाकायचे आणि माझे पेन्शनचे खाते त्याच्या फोनवर घ्यायचे. “बाबा, तुमाला बाहेरचं कोणी फसवणार न्हाई,” तो म्हणाला, “तुमचा घोळ तुमीच कराल.”

पेन्शन, रंगनाथराव. तुम्ही शेतीवाले, तुम्हाला हे समजायला जरा जड जाईल. रक्कम काही डोळ्यांत भरण्यासारखी नाही. पण पेन्शन जमा झाली की मी मान वर करून बाजारात जातो, मनाला येईल ते पेरू घेतो आणि न विचारता दाढी करून येतो. ते खाते रॉबिनच्या फोनवर गेले की मला दाढीसाठीसुद्धा पोरासमोर उभे राहावे लागणार. त्या आठवड्यात मला झोप नाही. शेवटी तुमच्या लेकीनेच मार्ग काढला. (पोरगी गुणाची आहे, फक्त तुम्हाला सगळे सांगते.) ती म्हणाली, हंगामाच्या सणाला चर्चमधले लिलावाचे टेबल बाबांकडे द्यायला आपले पाळकसाहेब तयार आहेत. तिथे बाबांनी कोणाची तक्रार न येता काम निभावले तर अॅप आणि पेन्शन दोन्ही बाबांकडे. रॉबिन लगेच कबूल झाला. मी पडणार याची त्याला खात्रीच होती.

तुमच्या मंडळीत लिलाव कसा करतात ते मी पाहिलेले नाही. आमच्याकडे उपासना संपली की लोकांनी अर्पण केलेले धान्य, भाज्या, कोंबड्या चर्चच्या अंगणात मांडतात. ज्याने बोली जिंकली तो पैसे देतो आणि मनात आले तर वस्तू परत टेबलावर ठेवतो, मग तिचा पुन्हा लिलाव. काल एक अंडे इतक्या वेळा विकले गेले की ऊब मिळाली असती तर त्यातून पिल्लू बाहेर आले असते. यंदा पहिल्यांदाच फोनने पैसे घेतले. टेबलावर चौकोनी ठिपक्यांचा तो कोड चिकटवला होता आणि शेजारी बँकेचा बोलका डबा, पैसे आले की बाईच्या आवाजात रक्कम ओरडून सांगणारा. खाते पाळकसाहेबांच्या फोनला जोडलेले आणि तो फोन त्यांच्या घरी चार्जिंगला, म्हणजे सगळा भरवसा डब्यावर. पहाटेच जाऊन मी कोडाच्या चारी कडा नखाने खरवडून पाहिल्या, कारण चोर त्यावर आपला कोड चिकटवतात. आमचाच होता. एक कोपरा मात्र माझ्या खरवडण्याने फाटला, तो भाताच्या शिताने बसवला.

डबा सकाळपासून ओरडत होता आणि मी एकेका माणसाला माल देऊन सोडत होतो. शेवटी फक्त एक कोंबडा राहिला. तांबडा, शेपटीला काळी झाक, मान अशी की जणू तोच पाळक. त्याच्या आधी पाळकसाहेबांनी लिलाव थांबवून आमच्या मंडळीतल्या बनुबाईंसाठी प्रार्थना घेतली. त्या घसरून पडल्या आहेत, दवाखान्यात आहेत. प्रार्थनेत डबा मध्येच ओरडला तर शोभणार नाही, म्हणून मी डोळे मिटण्याआधी त्याचे बटण दाबून तोंड बंद केले. इतके भान तिथे दुसऱ्या कोणाला नव्हते.

मग कोंबडा. बोली चढली आणि मागे उभ्या असलेल्या, पांढऱ्या शर्टातल्या एका अनोळखी तरुणाने तो घेतला. त्याने कोडावर फोन धरला आणि मला पडद्यावरची हिरवी खूण दाखवली. मी डब्याकडे पाहिले. डबा गप्प. अशा खोट्या हिरव्या खुणा दाखवणारी अॅप असतात हे रॉबिननेच मला सांगितले होते. मी कोंबड्याचे पाय धरून ठेवले.

“मामा, पैसे गेलेत, बघा की,” तो म्हणाला.

मी म्हणालो, गेलेले दिसतात, आलेले दिसत नाहीत. लोक म्हणू लागले, बाबा, सोडा, नेटवर्क नसंल. पाळकसाहेब खाकरले. कोंबडा ओरडायला लागला. रॉबिन मांडवाच्या खांबाला टेकून हसत होता आणि त्या हसण्यात मला माझी पेन्शन जाताना दिसत होती. पण कोंबड्याचे पाय मी सोडले नाहीत. मी उभा राहिलो आणि गेटवरच्या आवाजात म्हणालो, “पास नाही, तर माल बाहेर जाणार नाही.”

तो तरुण लालबुंद झाला. त्याने चार लोकांकडे पाहिले आणि “ठेवा तुमचा कोंबडा” म्हणून मोटारसायकलवर बसून निघून गेला. खरा माणूस असा पळतो का? मागून कोणीतरी म्हणाले, चोरच असंल. मग टाळ्या. पाळकसाहेबांनी सर्वांसमोर माझा हात हातात घेतला. कोंबडा पुन्हा लिलावाला लावला तर एका निवृत्त सुभेदारांनी रोख पैसे देऊन तो आधीपेक्षा चढ्या भावाने नेला. (रात्री रश्श्याचा वास आमच्या गल्लीपर्यंत आला.) घरी आल्यावर रॉबिनने माझा फोन स्वतः चार्जिंगला लावला. जेवताना म्हणाला, पेन्शन तुमच्याकडंच राहू द्या. मी आणखी एक भाकरी मागितली.

तेव्हा व्याहीबुवा, ईस्टरचे बोलणे आपण मागे घ्यावे. लेखी घेतले तरी चालेल. विहीणबाईंना सलाम.

आपला,
दानीएल

ता.क. पाकिटाच्या डिंकावर माझा विश्वास नाही, म्हणून घरचा डिंक शोधण्यात दिवस गेला. संध्याकाळी पाळकसाहेब फोन घेऊन आले होते. हिशेबात कोंबड्याचे पैसे दोनदा जमा दिसतात. एकदा सुभेदारांचे रोख आणि एकदा फोनने, नाव हर्षल. पांढऱ्या शर्टाचे पैसे त्याच घडीला आलेले होते. डब्याचे बटण अजून बंदच आहे. पाळकसाहेबांनी ही गोष्ट आपल्यातच ठेवायचे कबूल केले आहे.

ता.क. दुसरा. पाळकसाहेब गेल्यावर सारा चहा देताना म्हणाली, “आईने हर्षलला काल आपल्या लिलावाला पाठवलं होतं, मी मागं चहाच्या भांड्यांपाशी अडकले, दिसला न्हाई कुठं.” म्हणजे विहीणबाईंचा भाचा. रॉबिनच्या लग्नात तो चड्डीत होता, मी कसा ओळखणार? मी चहा प्यायलो आणि आणखी एक कप मागितला.

ता.क. तिसरा. तुमच्या खुराड्यात तांबडे कोंबडे आहेत असे ऐकून आहे. त्यांतला एक, शेपटीला काळी झाक असलेला मिळाल्यास उत्तम, हर्षलला माझ्याकडून म्हणून द्यावा. किंमत कळवावी, घोंगडीतून लगेच पाठवतो. रविवारी साराचा फोन आल्यास फक्त गुडघ्याबद्दल बोलावे. मला फोन करायचा झाल्यास या आठवडाभर तुमच्यासाठी दोडका.

ता.क. शेवटचा. तरीही माझे म्हणणे तेच. एवढ्या गर्दीतून, बंद डब्याला चुकवून, माझ्या डोळ्यांसमोरून पैसे बरोबर ठिकाणी सुखरूप पोहोचले. पोहोचला नाही तो फक्त कोंबडा, आणि तो फोनात नव्हता, माझ्या हातात होता.