जाळ्याच्या केंद्रस्थानी आम्ही

श्रीगोंदा, शुक्रवार, सायंकाळ

आलेखविद्याधुरंधर, समाजमाध्यम-महोदधिमंथक, संख्याशास्त्र-विभागाधीश (विभागात माणसे दोन) असे आम्ही आज नशेखोरांचे म्होरके ठरलो!

नशा करणाऱ्या तरुणांच्या खुल्या पोस्टींवरून आलेख-डेटाबेसात (कोण कोणाशी जोडलेला याच्या संगणकी वहीत) विणलेले जाळे उद्या व्यसनमुक्ती केंद्रात मांडायचे. माणूस म्हणजे ठिपका, एकाने दुसऱ्याला दिलेला प्रतिसाद म्हणजे रेघ. सहायक शिंदेबाई म्हणाल्या, "सर, समद्या रेघा एकाच ठिपक्याला जात्यात. त्यो तुमीच हाय."

निरीक्षणार्थ या तरुणांच्या गटांत शिरलो, हे ठीक. प्रत्येकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्याचे सौजन्य का आवरले नाही?

"माझा ठिपका पुसून टाका," आम्ही फर्मावले.

"पुसलं तर जाळंच सुटतंय, सर. बाकी कुनी कुनाला वळखत न्हाई."

म्हणजे सत्यकथन अटळ. निदान माझा ठिपका विनम्र करड्या रंगात छापावा म्हटले, तर प्रिंटरात केवळ लाल शाई. आणि बाकी शाईच्या कपाटाची किल्ली घेऊन कार्यालयाचा लिपिक लग्नाला कोपरगावी!