आधी नाईक, मग वस्ती

१७ मार्च १९७४, रविवार

बद्रीनाथ आला होता. सकाळच्या गाडीने अंबडला उतरला आणि सरळ घरी. वसंता गेल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या भावाचा मेडिकल कॉलेजातला सगळ्यात जवळचा मित्र, पण त्याला आईकडे बघवेना. चहा हातात धरून बसला, प्यायला नाही.

कामाचं शेवटी बोलला. दिवाळीच्या सुट्टीत या मुलांनी गोदाकाठच्या भिल्ल वस्तीवर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई टोचली होती. ती सहा महिन्यांनी परत टोचावी लागते. मे महिन्यात जायचं आहे.

"ताई, वसंता असता तर प्रश्नच नव्हता. आता वस्ती आमचं ऐकत नाही. लोक आजारी पडलेत तिथे. तुम्ही त्याची बहीण. तुम्ही आलात तर ऐकतील."

आई उठून आत गेली.

मी हो म्हणाले. का, ते माहीत नाही. त्याचं काहीतरी अर्धं राहिलं होतं, एवढंच.

१९ मार्च

फळ्यावर तारीख लिहिताना महिना फेब्रुवारीच लिहिला, वसंता गेला तो. पोरं हसली. पुसलं.

२४ मार्च, रविवार

सर्जेरावमामा आले. जेवायला बसले आणि सुरू झालं — "डाक्टर व्हायला पाठवल्तं का भिल्लायच्या पोरांचे नाकं पुसायला? त्यायच्यात जेवला, त्यायचं पानी पेला. झाली ना कावीळ!"

आई म्हणाली, "दादा, गेला ना तो. आता तरी त्याला बोलू नको."

मग मामा ताटावरच रडले, मोठ्याने. मला रडता आलं नाही. तव्यावर भाकरी होती.

ते गेल्यावर आई म्हणाली, "शीले, कावीळ झालेले बरे होतेत ना गं? आपल्या गल्लीतली सोनूबाई झाली की बरी. मंग माझाच का न्हाई झाला?"

तोच प्रश्न मी कुणाला विचारू?

७ एप्रिल, रविवार

वस्तीवर जाऊन आलो. बद्रीनाथ आणि मी. फाट्यावर उतरून नदीपर्यंत चालत. कुडाची घरं, काठ्यांवर वाळत घातलेली मासोळीची जाळी. कुत्री भुंकली, माणसं बाहेर आली नाहीत.

वस्तीचा प्रमुख भिवा नाईक. उंच, वाळलेला. माझ्याकडे बघत राहिला. "डाक्टरची बहीन? सांगायला नको. तोंडवळा तोच हाय." एवढं बोलून फेट्याच्या शेवाने डोळे पुसले.

बाजेवर बसवलं. पाणी आणलं ते आधी नाईक प्यायला, मग तेच मडकं माझ्या हातात. मी थबकले. त्याची सून केशरबाई हसली, "भिऊ नका बाई, इख न्हाई! आमच्यात नाईकानं घेतल्याबिगर कुनीच काई घेत न्हाई. नवं धान असो, दारू असो, परक्याचं पानी असो. वाईट असलं तर आधी त्याला लागंल."

मी प्यायले. गावात अजून आम्हाला वरून ओतून देणारी घरं आहेत. इथे मडकं हातात दिलं.

परतताना बद्रीनाथने दिवाळीतलं सांगितलं. सुईला कोणी पुढे येईना. मग नाईकाने दंड पुढे केला. तरी लोक घुटमळत होते, तेव्हा वसंताने बाही वर केली — "नाईकाच्या मागं मी!" आणि सुई लागताना त्याने डोळे मिटले. नाईकाचा मुलगा ओरडला, "डाक्टरच भ्यायला रे!" सगळी वस्ती हसली आणि रांग लागली.

तो मुलगा, केशरबाईचा नवरा, आता नाही. जानेवारीतच गेला, काविळीने. दोन पोरं गेली, एक म्हातारी गेली. आणखी काहीजण पडून आहेत. केशरबाई पोटुशी आहे. कपाळ उघडं.

बद्रीनाथ म्हणाला, "नदीचं पाणी, ताई. उकळत नाहीत. वसंतालाही तिथलंच बाधलं."

म्हणजे मामा म्हणतात तेच.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. मिरवणुकीत दरवर्षी वसंता पुढे असायचा. आई दारात उभी राहिली, मी आत. ढोल घरासमोर आला तेव्हा पोरांनी वाजवणं थांबवलं. हळूच पुढे गेले.

ते वाजवत गेले असते तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल, रविवार

एकटीच गेले. आईला सांगितलं, शाळेचं काम आहे.

केशरबाईजवळ बसले. नवऱ्याचं जाणं सांगत होती. मध्येच म्हणाली, "मी सुई घेतलीच न्हाई बाई. दिवाळीला म्हायेरी गेल्ते. आले तवा हे दंड सुजला म्हून कन्हत होते. मी हसले त्यायला."

ती ठणठणीत आहे. पाणी तेच पिते. नवऱ्याच्या ताटात जेवत होती.

मग मी घरोघर हिंडले. कोण पडलं, कोण नाही. अंगावरची लेकरं एकही पिवळी नाही — त्यांना टोचलंच नव्हतं. पलीकडच्या काठाला गुरं घेऊन गेलेले दोघे भाऊ, तेही नीट. पडलेत ते सगळे त्या दिवशी रांगेत होते.

मी शाळामास्तरीण. मला यातलं काय कळतं? पण पाणी तर सगळ्यांचं एकच आहे!

नाईकाचे डोळे आज उन्हात नीट पाहिले. विचारलं. "मला व्हय? मला मागल्या पावसाळ्यातच झाल्ती कावीळ. पाल्यानं उतरली. पर तवाधरून अंगात दम न्हाई, डोळे बी असेच पिवळे."

२८ एप्रिल, रविवार

बद्रीनाथला बसस्टँडवरच गाठलं. विचारलं, सुया उकळत होता ना?

"म्हणजे काय ताई! प्रत्येकाला वेगळी, उकळलेली. वसंता त्याबाबतीत फार कडक होता."

"आणि ती काचेची पिचकारी?"

"पिचकारी एकच. एकदा भरायची, सुई बदलायची, पुढचा. सगळीकडे असंच करतात, रांग मोठी असते, स्टोव्ह एक…"

मग तोच म्हणाला, "सुई बदलली तरी रक्ताचा कण काचेत मागे राहतो." तो तिथेच कट्ट्यावर बसला. कैऱ्या विकणारी बाई विचारायला लागली, पोराला भोवळ आली का?

तो म्हणाला, "पहिला नाईक होता. दुसरा वसंता. त्या दोघांना मी टोचलं." मग म्हणाला, "पुढचे सगळे वसंतानेच टोचले, ताई. त्याचा हात हलका होता. पोरं त्याच्याकडेच यायची."

गाडी लागली तेव्हा माझा हात धरला. "वस्तीला सांगू नका. पाया पडतो. वरच्या गावांत पटकी सुरू झालीय. सांगितलं तर सुई घेणार नाहीत, आणि पटकी आली तर अर्धी वस्ती जाईल."

२९ एप्रिल

आईला सांगितलं नाही.

२ मे

तो लहान असताना काटा निघाला की आधी मला दाखवायचा. मग रडायचा. आज दिवसभर त्याचा हातच डोळ्यांसमोर.

न सांगता त्यांना रांगेत उभं करू? सांगून पटकीच्या तोंडी देऊ? बद्रीनाथचं खोटं नाही. पण ज्यांची माणसं गेली त्यांना पाण्याचं नाव सांगत राहायचं — ते माझ्याने होणार नाही.

५ मे, रविवार

नाईकाला सांगितलं.

तो जाळं विणत होता. मी समोर जमिनीवर बसले. म्हणाले, तुमच्या वस्तीला पाण्याने नाही मारलं. सुया उकळल्या, पिचकारी उकळली नाही. रक्ताचा कण त्या काचेत मागे राहतो, एकाचा रोग दुसऱ्याला जातो. मुलांना कळलं नाही. चूक आमची. माझ्या भावाची.

त्याने मान वर केली नाही. हात चालूच. मग म्हणाला, "डाक्टर बी त्यानंच गेला?"

"हो."

"लेकरू व्हतं ते. त्याला काय ठावं." आणि मग — "पर बाई, त्या काचंत रोग आला कुटून? आधी कुनात तरी असंल ना?"

मी म्हणाले, "ते कुणालाच माहीत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बराबर," म्हणाला.

मग विचारलं, "यंदा घ्यावी का सुई?"

"घ्या. पटकी फार वाईट. या वेळी प्रत्येकाला वेगळी उकळलेली पिचकारी. मी स्वतः चुलीपाशी बसेन."

"मंग वस्ती घेईल. माझ्यावर सोडा."

एवढं एकच खोटं बोलले. ते बोललेच पाहिजे होतं.

१२ मे, रविवार

टोचणी झाली!

बद्रीनाथने कुठून कुठून पिचकाऱ्या गोळा केल्या. दगडांच्या तीन चुली, तीन पातेली. मी लाकडं सारत बसले. उकळीचं पाणी बघायला पोरं जमली. माणसं लांबच. नाईक घरातून निघेना, म्हणून कुणी हलेना.

शेवटी आला. डोक्याला फेटा नव्हता.

"आजपून मी आधी न्हाई," म्हणाला. "बाई, तुमी घ्या. डाक्टरची जागा हाय ती."

एक म्हातारी फणकारली, "बाईमानूस? आन् ती बी परकी?"

"परकी हाय म्हून तं म्हनतो."

मी दंड पुढे केला. बद्रीनाथचा हात वसंतासारखा हलका नाही, दुखलं. तीच म्हातारी माझ्यामागे आली. "टोच रे बाबा, जल्दी टोच! मेले तं ह्या बाईच्या दारात येऊन बसंन, भूत हूनशानी!" पोरं हसली. मग सगळे आले. पडून असलेल्यांना आणि केशरबाईला बद्रीनाथने सोडलं. बाकी एकही राहिला नाही. फक्त नाईकाने घेतली नाही. "मला काय करायची आता?" म्हणाला. मला वाटलं, थकलाय.

परतीच्या गाडीत बद्रीनाथ झोपला. मी खिडकीतून बघत होते. वसंता गेल्यापासून आज पहिल्यांदा भूक लागली. आईला वस्तीची हकीकत सांगितली. काचेचं सोडून. तिने विचारून विचारून ऐकली. म्हातारीच्या बोलण्याला हसलीसुद्धा.

पटकी आता त्यांना शिवायची नाही.

१९ मे, रविवार

बद्रीनाथ वस्तीवर जाऊन आला. दंड सुजलेत, बाकी सगळे ठीक. भिवा नाईक नाही. टोचणीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच नदी उतरून निघून गेला. माणसं दोन दिवस हिंडली, सापडला नाही. केशरबाई वाटेत आडवी आली होती — माझे दिवस भरत आले मामंजी, आता कुटं निघालात? तर म्हणाला, "काचा उकळता येतेत, पोरी. मला कोन उकळंल?"