पॉइंटखाली पॉइंट

४ ऑगस्ट
आज माझी बालमैत्रीण भिंगरी आठवली. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसून एकाच पट्टीने आळीपाळीने रेघा मारायचो. कॉन्व्हेंटच्या सिस्टर मागून म्हणत, "पॉइंटखाली पॉइंट, गर्ल्स!" काय ती शिस्त!
त्याच बळावर नातीची, चिऊची, दशांशाच्या गुणाकाराची तयारी मी करून घेणार. सून क्लास लावायचं म्हणते. काखेत कळसा! शिवाय चिऊ संध्याकाळची क्लासला गेली तर मी कुणाशी बोलू?

५ ऑगस्ट
शिकवलं. पॉइंटखाली पॉइंट, उभी रेघ, गुणाकार झाला की पॉइंट सरळ खाली उतरवायचा. लिफ्टसारखा. २.५ गुणिले १.५ बरोबर ३७.५.
हे पेपराआडून म्हणाले, "अडीच दीडे पावणेचार." ह्यांची शाळा घोकंपट्टीची. दीड, अडीच, पावणे असलं मोडकंतोडकं आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नव्हतं. दुर्लक्ष केलं.

६ ऑगस्ट
चिऊ म्हणते, अडीचची दुप्पटच पाच होते, मग दीडपट सदतीस कशी? हुशार आहे पोर, पण प्रश्न फार विचारते. प्रात्यक्षिकच दाखवायचं ठरवलं. हॉलची खिडकी २.५ मीटर रुंद. छान चुण्या पडायला कापड दीडपट हवं. दुकानदाराला फोन करून ३७.५ मीटर कापायला सांगितलं, मोठ्या गुलाबांचं. तो म्हणाला, "आजी, पडदा घराला की नाट्यगृहाला?" मोठी गिऱ्हाइकं ओळखतो बरोबर.

८ ऑगस्ट, दुपारी
कापड आलं. दोघांनी उचलून आणलं. सोफा दिसेनासा झाला. हे खिडकीकडे बघत नुसतं "पावणेचार" म्हणाले. चेष्टेखोर मेले!
सुती आहे. धुतल्यावर आटेल.

११ ऑगस्ट
चिऊची परीक्षा झाली. सगळे गुणाकार बरोबर! सुनेला ऐकवलं, बघितलीस माझी रेघ? तेवढ्यात चिऊने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कानात सांगितलं, "आजी, रेघ तुझी मारली, पण उत्तरं आजोबांनी शिकवल्यासारखी काढली. तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही."
मी रडले नाही. कांदा चिरत होते.
क्लास रद्द. रोज संध्याकाळी आजोबाच शिकवणार. चिऊ म्हणाली, तू पण बस ना, मी समजावून देईन.

१२ ऑगस्ट
कापलेलं कापड दुकानदार परत घेत नाही. तेव्हा वाटणी अशी: खिडकीला पावणेचार मीटर. सुनेला टेबलक्लॉथ आणि घरातल्या झाडून सगळ्या उशांचे अभ्रे. शेजारीण "किती बाई छान" म्हणाली, तिला दोन चादरी. पुढच्या वेळी जपून बोलेल. ह्यांना गुलाबांचे चार पायजमे, तक्रार चालणार नाही. चिऊला घेरदार फ्रॉक, सगळ्यांच्या आधी, आणि तोही तिला हवा तेवढ्या घेराचा. उरेल ते मला.
किती उरेल, ते चिऊला विचारायचं.