जांभळाखालच्या जागेची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, गल्लीत लॉन्ड्रीवाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. थोरल्या मुलाला तो पटलेला नाही, पण तो डॉक्टर नाही. मी कोणाच्या दबावाखाली लिहीत आहे असंही कोणी म्हणू नये. माझ्यावर दबाव आणण्याचा अधिकार फक्त माझ्या यजमानांना होता. ते वारले, आणि हयात असतानाही त्यांना ते कधी जमलं नव्हतं.

१. दुकान. रस्त्याकडची खोली, धुण्याची मशीनं व इस्त्रीचं टेबल यांसह, धाकट्या मुलीला मिळावी. तिने लॉन्ड्रीच चालवावी असा माझा आग्रह नाही. कपडे वाळवायचं मशीन तिने खुशाल भंगारात द्यावं. ते घ्यावं का लागलं हे इथे लिहून ठेवते, कारण मुलं ती माझी हौस समजतात. रस्ता रुंद होण्यापूर्वी दोन्ही बाजूंना झाडं होती आणि आमच्या दोऱ्या त्यांनाच बांधलेल्या असत. हॉटेलच्या चादरी सकाळी वाळत घातल्या की दुपारी घडी. झाडं तोडली, मग आम्ही खांबांना दोऱ्या बांधल्या. चादर वाळेपर्यंत तिच्यावर एवढी धूळ बसू लागली की ती पुन्हा धुवावी लागे. पाणी दुप्पट, साबण दुप्पट, आणि शेवटी हे मशीन. ते चालू केलं की खोली अशी तापते की मी येईल त्या गिऱ्हाईकावर खेकसते. झाडं हेच काम वीज न जाळता करत होती.

२. घर. वरच्या दोन्ही खोल्या थोरल्याला मिळाव्यात. मुलगा मनाने चांगला आहे, पण वर उकडतं म्हणून त्याने बिल्डरला घरी आणलं. मी चहा दिला. बिल्डरने नव्या इमारतीचं चित्र टेबलावर पसरलं. मागच्या अंगणात आमचं जांभळाचं झाड आहे, तिथूनच गाड्या तळघरात उतरणार होत्या. त्या उताराच्या दोन्ही कडांना हिरवीगार झाडं रंगवलेली होती.

“ही कुठून आणणार?” मी विचारलं.

“ती नुसती दाखवायला असतात, काकू,” बिल्डर म्हणाला.

“आई, एका झाडासाठी काय अडून बसतेस?” थोरला म्हणाला. “एसी लावू की.”

बाळा, तुझ्या खोलीच्या मागच्या भिंतीवर जांभळाची सावली असते. भर दुपारी तिला हात लाव, मग रस्त्याकडच्या भिंतीला लावून बघ. हाताला फुंकर मारून झाली की आपण एसीचं बोलू. मी नसेन, तेव्हा एकट्यानेच बोल.

३. बँकेत जे काही आहे ते दोन्ही मुलांनी निम्मं निम्मं घ्यावं. त्यावरून भांडू नये. भांडण्याइतकं ते नाही.

४. रस्तारुंदीच्या सभेत “सावलीने कोणाचं पोट भरतं का?” असं विचारून टाळ्या मिळवणाऱ्या नगरसेवकांचा एक कोट आमच्याकडे धुऊन पडला आहे. तो घरपोच देऊ नये. त्यांनी गाडी लांब लावून, दुपारी, पायी येऊन न्यावा.

५. आता मागचं अंगण. मला मरणाची भीती वाटत नाही. माझ्या मागे ते झाड पाडतील याची वाटते, इतकी की जेवण गोड लागेनासं झालं होतं. म्हणून त्याची सावली सगळ्या गल्लीच्या नावावर करा, असं मी वकीलबाईंना सांगितलं.

“सावली नावावर करता येत नाही, काकू,” त्या म्हणाल्या. “जमीन करता येते. कोणाच्या करू ते सांगा.”

मुलांच्या करणार नाही. ती प्रेमळ आहेत, आणि प्रेमळ माणसाची सही मिळवणं सोपं असतं. बिल्डर नातवंडांच्या शिक्षणाचा विषय काढेल आणि दोघंही विरघळतील.

अंगणाच्या भिंतीपलीकडे एक गृहस्थ राहतात. गल्ली त्यांना हरकत आप्पा म्हणते. त्यांनी माझ्या वाफेला हरकत घेतली, दोऱ्यांना घेतली, दुकानाच्या पाटीला घेतली. जांभळाला तर अर्ज करकरून घेतली, कारण फांदी त्यांच्या बाजूला जाते आणि फळं पांढऱ्या गाडीवर पडतात. आता रस्त्यावर गाडी उभी केली तर आत बसवत नाही, म्हणून ते गाडी त्याच फांदीखाली लावतात आणि डागांबद्दल मला बोलतात. गाडीवर टाकायला मी त्यांना एक जुनी चादर दिली आहे. ती मीच धुऊन देते. जांभळाचे डाग जात नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे, तरी ते दर वेळी माझ्या धुण्याला नावं ठेवतात.

या माणसाने जन्मात कोणाच्या कागदावर मुकाट्याने सही केलेली नाही. बिल्डर त्यांच्यापुढे घाम पुसत बसेल. सबब, मागचं संपूर्ण अंगण, जांभळाच्या झाडासह, मी आप्पांना देत आहे. त्यांनी आपल्या मागे ते आपल्याहून भांडखोर माणूस शोधून त्याला द्यावं.

हे मी त्यांना काल भिंतीवरून सांगितलं.

“माझी हरकत आहे,” ते म्हणाले. “मला विचारलंत? पानांचा कचरा कोण काढणार?”

“तुम्ही.”

ते आत गेले आणि दार आपटलं. मी चादरींच्या घड्या घालत राहिले. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला.

“उन्हाळ्यात पाणी लागतं का त्याला?”

“नाही. मोठं झालंय आता.”

“मी घालणार,” आप्पा म्हणाले. “तुम्ही मला सांगू नका.”

काल रात्री मी पोटभर जेवले. वरील मजकूर वाचून, समजून, समाधानाने सही करत आहे.

सही : लॉन्ड्रीवाल्या काकू

साक्षीदार :
१. दाखला देणारे डॉक्टर
२. कोपऱ्यावरचे शिंपी

स्थळ : राहतं घर, मागचं अंगण
दिनांक : ११ जून