डिंक लावलेली चिठ्ठी

गोंडपिपरी, मंगळवार, संध्याकाळ

दवाखाना बंद केला, पण ते पाकीट अजून टेबलावरच आहे.

दुपारी शांताबाई आल्या. त्यांच्या नवऱ्याला, वामनभाऊंना, मीच चंद्रपूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. चिठ्ठी लिहिली, पाकिटाला डिंक लावला आणि बजावलं, "मोठ्या डॉक्टरच्याच हातात द्या." बाई त्यांना तीनदा घेऊन गेल्या. तिन्ही वेळा शिकाऊ डॉक्टर भेटले, गॅसच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. मागच्या आठवड्यात वामनभाऊंनी शेतावर, धानाच्या बांधीतच जीव सोडला. हातात रोपांची पेंडी होती म्हणे.

"मोठे डॉक्टर भेटलेच नाई, साहेब. पण तुमची चिठ्ठी मी दुसऱ्या कोणाले देली नाई." असं म्हणून पाकीट माझ्यापुढे ठेवलं. डिंक जसाच्या तसा.

काऊन बोललो मी तसं, 'मोठ्या डॉक्टरच्याच हातात' म्हणून? एक फोन करता आला असता. निदान पाकीट उघडं ठेवायचं.

आत्ता फोडलं. माझ्याच अक्षरात पहिली ओळ: "लगेच भरती करून घ्यावे, जिवाला धोका आहे."

घाबरतील म्हणून त्या दोघांना मी हे सांगितलंच नव्हतं.